गेलेली स्त्रीबीजं परत येतात का?

दसरा झाला की पाथर्डी तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. खरवंडी, भगवानगडाचा परिसर, माणिकदौंडीकडच्या वाड्या आणि तांडे; हद्द ओलांडली की बीड जिल्ह्यातले शिरूर कासार आणि आष्टी. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची आणि तीस-चाळीस किलोची ती मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, कोपीपाशी न्हाणी नाही, संडास नाही, पुरेसं पाणी नाही. मग अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळीत अति रक्तस्राव होणं या तक्रारी अंगवळणी पडतात आणि एक दिवस कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाका, कटकट जाईल.

किती जणींची पिशवी गेली, याचा अंदाज २०१९ साली आला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या प्रश्नावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली होती. तेव्हा पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे दर सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. पाथर्डी तालुका त्या मोजणीत नव्हता, कारण तो दुसऱ्या जिल्ह्यात येतो. पण डोंगर तोच, कोरडवाहू जमीन तशीच आणि कारखान्यांकडे जाणाऱ्या वाटाही त्याच.

या सगळ्या चर्चेत एक प्रश्न मागे राहिला. पिशवी काढताना अंडाशयं ठेवली की तीही काढली? अनेक बायकांना ते सांगितलेलंच नसतं. गर्भाशय गेलं की पाळी बंद होते. मूल होणार नाही हे बाईला कळतं आणि बहुतेकींना तोवर मुलं झालेलीही असतात. अंडाशयांचं काम मात्र मूल होण्यापुरतं नाही. त्यातल्या वाढत्या पुटिका, म्हणजे एकेका बीजाभोवतीची वेष्टणं, इस्ट्रोजेन तयार करतात आणि ते हाडांना, रक्तवाहिन्यांना, झोपेला, त्वचेला लागतं. तिसाव्या वर्षी दोन्ही अंडाशयं काढली तर ती बाई एका दिवसात रजोनिवृत्त होते. अमेरिकेत २९ हजारांहून अधिक परिचारिकांच्या दीर्घ पाहणीतून २००९ साली असं दिसलं, की गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढलेल्यांत स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग कमी झाला, पण हृदयविकार वाढला आणि एकूण मृत्यूही वाढले. ज्या बाईला पुढची वीस वर्षं कोयता हातात धरायचा आहे, तिच्या कंबरेचं आणि मांडीचं हाड चाळिशीतच विरळ होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

अंडाशयं ठेवली तरी ती पूर्वीसारखीच चालतील याची खात्री नसते. अंडाशयाला रक्त दोन वाटांनी मिळतं. एक वाट थेट महारोहिणीपासून येते, दुसरी गर्भाशयाच्या रोहिणीच्या फांदीतून. गर्भाशय काढताना ही दुसरी वाट बांधली जाते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या २०११ सालच्या अभ्यासात, अंडाशयं शाबूत ठेवून गर्भाशय काढलेल्या स्त्रियांत अंडाशयं लवकर निकामी होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या जवळपास दुप्पट निघाला. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, युरोप-अमेरिकेपेक्षा चारेक वर्षं आधीच. त्यातून आणखी काही वर्षं वजा होतात.

म्हणूनच इजा झालेलं अंडाशय आपला साठा पुन्हा भरू शकतं का, हा जीवशास्त्राचा प्रश्न मला नुसत्या कुतूहलाचा वाटत नाही. या प्रश्नावर गेली दीडशे वर्षं वाद चालू आहे आणि त्यातलं एक महत्त्वाचं पान मुंबईत, परळला लिहिलं गेलं आहे.

आधी साठ्याचा हिशेब. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या दोन अंडाशयांत मिळून ६० ते ७० लाख बीजपेशी असतात. जन्माच्या वेळी उरतात १० ते २० लाख, पाळी सुरू होताना तीन-चार लाख, आणि पाळी जाताना हजारभर. आयुष्यभरात सुटून बाहेर पडणारी स्त्रीबीजं जेमतेम चारशे ते पाचशे. बाकीची सगळी जागच्या जागी मरतात. बाळंतपण असो, कुटुंबनियोजनाची गोळी असो, काहीही असो, ही गळती थांबत नाही. वर्षाचं धान्य एकदाच भरलेल्या कणगीतून रोज पसा काढावा आणि शिवाय उंदरांनीही खावं, असा हा व्यवहार.

पुरुषाच्या वृषणात मात्र विभागत राहणाऱ्या मूलपेशी शाबूत असतात, म्हणून सत्तरीतल्या पुरुषातही शुक्रजंतू तयार होतात. स्त्रीच्या बीजपेशींनी ही वाट जन्माआधीच सोडलेली असते. त्या साध्या विभाजनातून बाहेर पडून अर्धसूत्री विभाजनात शिरतात आणि अर्ध्यावरच थांबतात. चाळिसाव्या वर्षी सुटणारं बीज चाळीस वर्षं त्या एकाच पायरीवर उभं असतं. या पायरीवरून मागे फिरता येत नाही. अशा एका पेशीच्या दोन पेशी होऊ शकत नाहीत. त्यामुळे साठा भरायचाच असेल तर अंडाशयात कुठेतरी अजून विभागू शकणारी, मागे राहिलेली बीजपेशी सापडायला हवी. सगळा वाद तिच्या अस्तित्वाचा आहे.

जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डेयर यांनी १८७० साली साठा ठरलेला असतो असं मांडलं होतं. १९२३ साली एडगर ॲलन यांनी प्रौढ उंदरीच्या अंडाशयाच्या पृष्ठभागावर नवी बीजं तयार होत असल्याचा दावा केला. पुढे तीसेक वर्षं दोन्ही मतं नांदली. १९५१ साली सॉली झुकरमन यांनी तोवरचे पुरावे एकत्र तपासून निकाल दिला, की सस्तन मादीत जन्मानंतर नवी बीजं तयार होत नाहीत. त्यांचा दरारा असा, की पुढची पन्नास वर्षं हेच वाक्य पाठ्यपुस्तकांत राहिलं.

पण अपवाद त्याच काळात समोर आला होता आणि तो भारतातलाच प्राणी होता. दक्षिण भारतातल्या झाडीत रात्री हिंडणारा, मोठ्या डोळ्यांचा, काटकुळ्या हातापायांचा लोरिस. तो वानरकुळातला, म्हणजे आपल्या लांबच्या नात्यातला. टी. सी. आनंदकुमार यांनी लोरिसच्या अंडाशयावरचं संशोधन १९६८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. पूर्ण वाढलेल्या मादीच्या अंडाशयात त्यांना बीजपेशींचे पुंजके दिसले. त्यातल्या काही विभागत होत्या, काही अर्धसूत्री विभाजनाच्या पहिल्या पायऱ्यांवर होत्या. हे दृश्य एरवी गर्भातल्या अंडाशयात दिसतं. त्याच सुमाराला इतर काही संशोधकांनीही लोरिस आणि त्याच्या आफ्रिकी भाऊबंदांत हेच पाहिलं. या नव्या पेशींतून पुढे खरोखर फळणारी बीजं होतात का, हे मात्र तेव्हा सुटलं नाही. प्राणी लहान, दुर्मीळ. आणि झुकरमन यांचा निकाल झालेला. हा पुरावा विचित्र प्राण्याची विचित्र गोष्ट म्हणून बाजूला पडला, याची मला हळहळ वाटते.

हेच आनंदकुमार ऐंशीच्या दशकात परळच्या इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनचे संचालक झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, ही प्रयोगशाळा. तिथून हाकेच्या अंतरावरच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी शास्त्रीय नोंद असलेली देशातली पहिली परखनळी बालिका जन्मली. पुढे १९९१ साली डॉ. हिंदुजांनी, अंडाशयं निकामी झालेल्या स्त्रीला दुसऱ्या स्त्रीचं बीज देऊन मूल होऊ शकतं, हेही देशात दाखवून दिलं. साठा संपलेल्या स्त्रीला गर्भधारणा हवी असेल तर तिच्यासमोर आजही खात्रीची वाट हीच आहे, आणि तिला अर्थात गर्भाशय लागतं.

२००४ साली वाद पुन्हा पेटला तो एका हिशेबामुळे. अमेरिकेत जोनाथन टिली यांच्या प्रयोगशाळेने उंदरीच्या अंडाशयातल्या मरणाऱ्या पुटिका मोजल्या. मरण्याचा वेग इतका निघाला, की साठा काही आठवड्यांतच संपायला हवा होता. प्रत्यक्षात उंदरी वर्षभर पिल्लं देते. मग भर कुठून पडते? बीजपेशींच्या मूलपेशी असल्याच पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी 'नेचर'मध्ये मांडला. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी पुढचा दावा केला. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध दिल्यावर उंदरीच्या पुटिका एका दिवसात झपाट्याने घटल्या आणि दोनेक दिवसांत पुन्हा वाढल्या. ही नवी बीजं अस्थिमज्जेतून, रक्तावाटे अंडाशयात येतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे खरं असेल तर तपासणं सोपं होतं. २००६ साली केव्हिन एगन, एमी वेजर्स आणि रॉजर गॉस्डेन यांच्या गटाने दोन उंदरींची कातडी जोडून त्यांचं रक्ताभिसरण एक केलं. एकीच्या सगळ्या पेशी हिरव्या चमकणाऱ्या होत्या, दुसरीच्या नव्हत्या. कित्येक महिने एकच रक्त दोघींत फिरलं. मग दोघींची सुटलेली बीजं गोळा केली. साध्या उंदरीची सगळी बीजं साधी निघाली. बीजांबरोबर काही हिरव्या पेशी आल्या होत्या, पण त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी होत्या. रक्तातून बीजं येतात ही कल्पना इथे संपली. इतका स्वच्छ प्रयोग या वादात दुसरा सापडत नाही.

मग लक्ष अंडाशयाकडेच वळलं. २००९ साली शांघायच्या जी वू यांच्या गटाने उंदरीच्या अंडाशयातून विभागणाऱ्या बीजपेशी वेगळ्या काढल्या, बशीत वाढवल्या आणि औषधाने वांझ केलेल्या उंदरींत सोडल्या. त्यातून पिल्लं झाली. २०१२ साली टिली यांच्या गटाने प्रौढ स्त्रियांच्या अंडाशयातही अशा पेशी सापडल्याचं जाहीर केलं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी रजोनिवृत्ती पुढे ढकलण्याची स्वप्नं रंगवली. पण पेशी पकडायला वापरलेला गळ वादात सापडला. बीजपेशीचं ओळखचिन्ह मानलेलं ते प्रथिन पेशीच्या आत असतं. बाहेरून लावलेल्या प्रतिपिंडाला ते कसं पकडता येईल? २०२० साली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या गटाने मानवी अंडाशयाच्या सालीतल्या हजारो पेशींची एकेक करून जनुकीय ओळख तपासली. त्या प्रतिपिंडाने पकडलेल्या पेशी रक्तवाहिन्यांभोवतीच्या निघाल्या. बीजपेशींची मूलपेशी कुठेच दिसली नाही.

बशीत एखादी पेशी काय करू शकते आणि शरीरात ती काय करते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शरीरातलं पाहायचं तर पेशीला खूण करून तिचा वंश शोधावा लागतो. अमेरिकेत लेई आणि स्प्रॅडलिंग यांनी २०१३ साली उंदरीत तेच केलं. स्प्रॅडलिंग यांचं नाव इथे वजनदार आहे, कारण माशीच्या अंडाशयातल्या मूलपेशींचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला. अशा पेशी असत्या तर ओळखायला त्यांच्याइतका योग्य माणूस नाही. त्यांना उंदरीत त्या आढळल्या नाहीत. जन्माच्या वेळच्या पुटिका अत्यंत सावकाश खर्च होतात आणि तेवढ्या पुरतात, असं त्यांच्या मोजणीतून निघालं. टिली यांनी धरलेला मरण्याचा वेग मुळातच जास्त होता. औषधाने बीजपेशी घटवल्यावरही नवी भर पडली नाही. आपल्या विषयासाठी हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे.

आता पुन्हा परळ. त्याच संस्थेत, जी पुढे राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था झाली, डॉ. दीपा भारतीय यांनी वेगळी दिशा धरली. पोलंडमध्ये जन्मलेले संशोधक मारिउश राताय्चाक यांनी २००६ साली उंदराच्या अस्थिमज्जेत अतिसूक्ष्म मूलपेशी वर्णन केल्या होत्या; त्यांना व्हीसेल म्हणतात. लाल रक्तपेशीहूनही लहान. डॉ. भारतीय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ससा, मेंढी, माकड आणि पाळी जाण्याच्या वयातली स्त्री, या चौघांच्या अंडाशयाच्या पृष्ठभागावरून खरवडलेल्या पेशींत व्हीसेल सापडल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे त्यांनी दाखवलं की मेंढीतल्या या पेशींवर एफएसएच या संप्रेरकाचे ग्राहक असतात आणि एफएसएच मिळालं की त्या जाग्या होतात. केमोथेरपी दिलेल्या उंदरीत बीजं नष्ट झाली तरी व्हीसेल टिकून राहतात, हाही त्यांचा दावा. त्यांच्या मते बी मेलेलं नसतं, भोवतीची जमीन बिघडलेली असते. ती दुरुस्त केली तर अंडाशय पुन्हा चालू शकेल.

टीकाकारांना त्यांचं उत्तरही विचार करण्यासारखं आहे. पेशी वेगळ्या करताना सेंट्रिफ्यूज नेहमीच्या वेगाने फिरवला तर इतक्या लहान पेशी तळाशी बसतच नाहीत, वरच्या पाण्याबरोबर ओतून दिल्या जातात. म्हणून इतरांना त्या दिसत नाहीत, असं डॉ. भारतीय म्हणतात. दुसऱ्या बाजूला, स्टॅनफर्डच्या एका गटाने २०१३ साली उंदराच्या मज्जेत शोध घेऊन, व्हीसेलमध्ये सांगितले जातात ते मूलपेशींचे गुण दिसले नाहीत, असं लिहिलं.

परळच्या कामाकडे मी आदराने पाहतो. संस्थेच्या मर्यादित साधनांत, जगाच्या बहुमताविरुद्ध, त्यांनी वर्षानुवर्षं एक प्रश्न सोडला नाही. तरीही मला अजून पटलेलं नाही. खूण केलेली एक व्हीसेल, तिच्यापासून झालेलं बीज, ते फळून जन्मलेलं पिल्लू, ही साखळी शरीराच्या आत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत आणि एकाहून अधिक स्वतंत्र प्रयोगशाळांनी दाखवायला हवी. ती अजून पुरी झालेली नाही. एखाद्या पेशीवर बीजपेशीची चिन्हं दिसणं ही त्या साखळीची फक्त पहिली कडी आहे.

सस्तन प्राण्यांना हे मुळातच अशक्य आहे, असं म्हणण्याची सोय मात्र आता उरलेली नाही. पूर्व आफ्रिकेत जमिनीखाली वसाहत करून राहणाऱ्या केसविरहित मोल उंदरांवर २०२३ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ दिवसांच्या मादीत १५ लाखांच्या आसपास बीजपेशी मोजल्या गेल्या. त्याच वयाच्या साध्या उंदरीच्या सुमारे ९५ पट. जन्मानंतरही त्यांच्या बीजपेशी विभागत होत्या आणि तीन वर्षांच्या मादीतही विभागू शकणाऱ्या पेशी शिल्लक होत्या. वसाहतीत एकटी राणी विते आणि ती मेली तर एखादी दुय्यम मादी राणी होते. त्यासाठी तिला साठा राखून ठेवावा लागतो. लोरिसनंतर पंचावन्न वर्षांनी दुसरा ठाम अपवाद मिळाला. निसर्गाने ही वाट काही ठिकाणी उघडी ठेवली आहे, आपल्यात ती बंद दिसते. ती कशाने बंद होते, हे शोधणं मला व्हीसेलच्या शोधाइतकंच फलदायी वाटतं.

स्त्रियांमध्ये एक कोडं अजून उरलंच आहे. एडिंबरामध्ये एव्हलिन टेल्फर यांच्या गटाने हॉजकिन लिम्फोमा झालेल्या काही तरुणींच्या अंडाशयाचे छोटे तुकडे तपासले. एबीव्हीडी नावाची चार औषधांची केमोथेरपी घेतलेल्यांमध्ये अविकसित पुटिकांची दाटी, न घेतलेल्यांपेक्षा आणि निरोगी स्त्रियांपेक्षाही कितीतरी जास्त दिसली. त्या चार औषधांत डॉक्सोरुबिसिनही आहे, ज्याच्यावर टिली यांचा दुसरा दावा उभा होता. मात्र स्त्रिया डझनभरच होत्या. अंडाशयात पुटिका सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात, त्यामुळे लहान तुकड्यावरून फसगत होऊ शकते. नवी बीजं तयार झाली असं टेल्फर यांनीही ठामपणे म्हटलेलं नाही. सायक्लोफॉस्फामाइड, बुसल्फान यांसारखी अधिक कडक औषधं घेतलेल्यांत साठा घटतो, यावर वाद नाही. म्हणून कर्करोगाचे उपचार सुरू करण्याआधी बीजं किंवा अंडाशयाची साल गोठवून ठेवण्याचा पर्याय तरुण रुग्णाला सांगितला गेला पाहिजे. गोठवलेली साल पुन्हा बसवून पहिलं मूल २००४ साली बेल्जियममध्ये जन्मलं, म्हणजे टिली यांचा हिशेब छापून आला त्याच वर्षी. फरक एवढाच, की या वाटेने त्यानंतर प्रत्यक्षात मुलं होत राहिली.

बीडच्या प्रकरणानंतर तिथल्या खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. २०२२ साली केंद्राने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना तीन महिन्यांत त्या लागू करायला सांगितलं. या सूचनांची अंमलबजावणी तालुक्याच्या गावापर्यंत पोचली, तर डिस्चार्ज कार्डावर गर्भाशयाबरोबर अंडाशयांचीही स्पष्ट नोंद मागता येईल: ठेवली, एक काढलं, की दोन्ही काढली. आज तिशीतल्या बाईला अंगाची लाही होते, झोप लागत नाही, सांधे धरतात, तेव्हा तिच्या डॉक्टरला ही एक ओळ माहीत नसेल तर तो वेदनाशामक गोळ्या देऊन मोकळा होतो. अंडाशयं गेलेली आहेत हे कळलं, तर तिला कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरजेप्रमाणे संप्रेरकं देता येतात. बीजं परत येत नसली तरी हाडं वाचवता येतात.

शहरांत मात्र साठा पुन्हा भरण्याच्या याच अर्धवट विज्ञानावर दुकानं थाटली जात आहेत. स्वतःच्या रक्तातला प्लेटलेटयुक्त द्रव अंडाशयात टोचून किंवा मूलपेशी सोडून अंडाशय तरुण करतो, अशा जाहिराती दिसतात. अंडाशयाची राखीव क्षमता दाखवणारी एएमएच चाचणी जराशी वर गेली, की नवी बीजं आली असं सांगितलं जातं. ती चाचणी वाढत्या लहान पुटिकांचं संप्रेरक मोजते; झोपलेल्या पुटिका जाग्या झाल्या तरी आकडा वाढतो आणि तेव्हा साठा उलट लवकर संपत असतो. आयसीएमआरच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांमधलं प्रत्यारोपण सोडलं, तर मूलपेशींचा उपचार मंजूर चाचणीबाहेर करता येत नाही. आणि मंजूर चाचणीत भाग घेणाऱ्या बाईकडून त्या उपचाराचे पैसे मागता येत नाहीत.